शुक्रवारी निघून रविवारी

मल्लम्मा गेली तेव्हा उदगीरला शुक्रवार उजाडत होता. शेवटपर्यंत ती "सुदर्शन आला का?" एवढंच विचारत राहिली. गुरुपादप्पाने अमेरिकेत मुलाला फोन लावला.

"अव्वा गेली रे. किती तास लागतील तुला यायला?"

"अप्पा, शुक्रवारी निघालो तर रविवारी पोचतो. तुम्ही थांबू नका."

म्हणजे दोन दिवस. भाऊबंद म्हणाले, एवढं थांबता येत न्हाई. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, अंग ताठलं की बसवणं अवघड. दिवस मावळायच्या आत मल्लम्माला खड्ड्यात बसवलं. आता येऊन काय करू, म्हणत सुदर्शन आलाच नाही.

पुढे पावसाळा सरला आणि लातूरला सुदर्शनचा सासरा वारला. या वेळी त्याचा निरोप आला, "थांबा, मी निघालोय." सासरच्यांनी बर्फाची पेटी आणली. दुसऱ्या दिवशी सुदर्शन हैदराबादहून गाडीने येऊन उतरला आणि सासऱ्याला त्यानेच खांदा दिला.

गुरुपादप्पा गर्दीत उभा राहून बघत होता. शेजारी पुतणी मंजुश्री होती. लातुरात विमानाची तिकिटं काढून द्यायचं तिचं काम.

"मंजे, एका दिवसात कसा आला गं ह्यो?"

"एकच दिवस लागतो काका. सॅन फ्रान्सिस्को ते हैदराबाद तेरा-चौदा हजार किलोमीटर हाय. मधी एकदा विमान बदलायचं, बस."

"मग शुक्रवारचा रविवार कसा झाला?"

"तिकडं शुक्रवारची दुपार असती तवा आपल्याकडं शनिवार उजाडतो. तिकिटावर वार दोन पुढं दिसतो, पण प्रवास एका दिवसाचाच." ती घुटमळली. "काकूच्या टायमाला तुम्ही इचारलं न्हाई व्हय?"

"तास इचारले होते. त्यानं वार सांगितले."

मुलाला तो तिथे काहीच बोलला नाही. बोलला असता तर भांडण झालं असतं, आणि भांडण मिटतं. त्याला मिटणारं काही नको होतं.

सुदर्शन उदगीरला आला. "अप्पा, अव्वाची जागा दाखवा."

स्मशानभूमीत पावसाने मातीचे ढिगारे बसले होते. चौथरे अजून बांधायचे होते. कुठे कोण, हे ओळखणाऱ्यालाच कळावं. मल्लम्मा कडुनिंबाखाली होती. गुरुपादप्पा कडुनिंब ओलांडून पुढे गेला आणि शेजारीण शरणम्माच्या ढिगाऱ्याशी थांबला. नळाच्या पाण्यावरून या दोघींचं जन्मभर वाकडं. 'त्या बाईच्या बाजूला मला पुरू नका,' असं मल्लम्माने बजावून ठेवलं होतं.

"हीच?"

"हीच."

सुदर्शनने गुडघे टेकले. "अव्वा, चुकलो गं," म्हणत तो हमसून रडला. रडणं खरं होतं. खोटं असतं तर गुरुपादप्पाला एवढं बरं वाटलं नसतं.

"अप्पा, जरा माती नेऊ तिकडं? देवघरात ठेवतो."

गुरुपादप्पाने खिशातून रुमाल काढून पसरला. "ने की. अजून एक मूठ घे."

गाठ त्याने स्वतः मारली.

मुलाची गाडी गेल्यावर तो कडुनिंबाखाली येऊन बसला. मातीवरचा पाला त्याने हाताने बाजूला केला.

"मल्ले, शरणम्माला धाडली बघ अमेरिकेला," तो म्हणाला. "आता तुझं लेकरू रोज तिच्या पाया पडतंय."