खंडेनवमीचा ब्रश

साहेब, त्या रायफलीची नळी तुम्ही नासवलीत. खुर्ची तुमची, क्लब तुमचा, माईक तुमचा, म्हणून तोंडावर कुणी बोलत नाही, एवढंच.

खंडेनवमीला नेमबाजीच्या रेंजवर बडे पाहुणे यायचे होते. शस्त्रपूजा, फेटे, फोटो. आदल्या दिवशी साहेबांनी शिपाई धोंडीरामला फर्मावलं, "रायफली आरशागत चमकल्या पाहिजेत. आतनं बी!" धोंडीरामनं हार्डवेअरच्या दुकानातनं पोलादी तारांचा ब्रश आणला, ड्रिल मशीनला जोडला आणि नळीच्या तोंडातनं आत घुसवला. वर थिनर ओतलं. तेलाचा टिपूससुद्धा राहिला नाही. नवमीला त्या रायफलीवर हळदकुंकू आणि नारळाचं पाणी. मग रेंज आठवडाभर बंद.

क्लबची नेमबाज पोरगी मदिहा कोल्हापूरजवळच्या हुपरीची. बाप आरिफ चांदीच्या पैंजणांना झिलई देतो, तेही पितळी तारांच्या ब्रशनं, रिठ्याच्या पाण्यात. धातूला कुठला ब्रश लावायचा आणि कुठला नाही, हे त्या घरात कुणी शिकवत नाही, अंगातच मुरतं. क्लबची ती पॉइंट टू टू रायफल दोन वर्षं तिच्या हातात होती. नळी कायम मागच्या बाजूनं साफ करायची, तोंडाला कधी रॉड लागू द्यायचा नाही. रोजच्याला नायलॉनचा ब्रश, शिसं फारच धरलं तर ब्राँझचा. सॉल्व्हंटचे दोन थेंब, कोरडी चिंधी, शेवटी तेलाचा हात.

रेंज उघडली त्या सकाळी तिनं दहा गोळ्या झाडल्या. एरवी दहाही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जायची. आज ती वाटीएवढ्या जागेत विखुरली होती. आणि पुण्याची निवड चाचणी रविवारवर आलेली.

तिनं नळीतनं चिंधी ओढली. तांबडी. कुंकू गेलं असंल आत, म्हणून ती हसलीही. दुसरी ओढली, तिसरी ओढली. तांबडीच. नाकाशी धरली तर गंजाचा वास. टॉर्च लावून नळीचं तोंड बघितलं. कडेवर ओरखडेच ओरखडे. हातातला ब्राँझचा ब्रश तिनं खाली ठेवला. गंज काढता आला असता. झिजलेलं लोखंड परत आणील असा ब्रश कुठल्या दुकानात मिळतो?

"धोंडीरामकाका, नळीत काय घातलंसा?"

"पोरी, मला इचारू नगंस. साहेबांनी सांगितलं, मी केलं. माझी नोकरी हाय की गं."

ती तशीच रायफल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. साहेब चहा पीत होते. दाराशी चार-पाच पोरं-पोरी जमली.

"ही रायफल साफ कोण करतं? तूच की न्हाई?" साहेब म्हणाले. "लावलं असशील कसलं तरी केमिकल. कपाटात नवी रायफल हाय, पुण्याला देतो तुला. फक्त सगळ्यांसमोर म्हण, चूक माझी झाली."

"मी न्हाई म्हणणार, साहेब. तोंडाकडनं ब्रश मी कधीच घालत न्हाई."

साहेबांनी कप ठेवला. आवाज चढवला. "का पूजाच खुपली तुला? आमच्या देवाचं कुंकू नको झालं व्हय?"

मदिहाचे कान तापले. क्षणभर वाटलं, माफी मागावी, रायफल घ्यावी आणि मोकळं व्हावं. दोन वर्षांची पहाटेची एसटी फुकट जाणार होती.

"पूजेत मी बी हुतो, साहेब. रायफलीच्या पट्ट्याला हळद मीच लावली, फोटोत बघा. कुंकवाचं काय बोलूच नका. मी ब्रशाचं इचारतोय."

"बाहेर हो!"

ती बाहेर झाली. माफी न मागता. धोंडीराम पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभा राहिला, आणि दाराशी जमलेल्यांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही.

आज शनिवार. साहेब, पोरगी स्टँडवर मोकळ्या हातानं उभी आहे आणि नवी रायफल तुमच्या कपाटात कुलपात आहे. देवाच्या नावाआड लपलात ते कशाला? आणि गाडी सुटायच्या आत कुलूप काढताय का न्हाय? बोला!