दोन ओळी जास्त

वर्गातल्या भोंग्याने माझं भविष्य चार ओळींत उरकलं, आणि ते टाइप मलाच करावं लागलं.

आमच्या शाळेत शेवटच्या वर्गाची ही जुनी रीत आहे. निरोप समारंभाला एक छोटी पुस्तिका निघते. प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत जो निघेल त्याचं दहा वर्षांनंतरचं भविष्य लिहायचं. चार ओळी, वाचणाऱ्याला हसू आलं पाहिजे, आणि समारंभापर्यंत ज्याचं त्याला कळता कामा नये. यंदा फक्त मला सगळ्यांचं माहीत होतं, कारण पुस्तिका आमच्या छापखान्यात छापायची होती. छापखाना म्हणजे एक लांबट खोली. दाराशी माझा कॉम्प्युटर, मध्ये छपाईचं मशीन, आणि मागे खिडकीखाली टेबल, तिथं आत्या पानं दुमडून पिना मारते. मशीन बाबांचं. तिथं दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. वर्गात मला 'शाई' म्हणतात, आणि ते का, हे माझी नखं बघून कुणालाही कळेल.

भविष्यं एकेक भन्नाट होती. दर पेपरला चार-चार पुरवण्या मागणारी 'पुरवणी' मोठ्या कंपनीत लागणार होती, आणि तिच्या राजीनाम्यालाही तीन पुरवण्या जोडलेल्या असणार होत्या. मागच्या बाकावरचा 'डुलकी' गाद्यांच्या कारखान्यात तपासनीस होणार, कामावर झोपणार आणि त्याबद्दल त्याला बढती मिळणार. भोंग्याचा आवाज असा की तो कुजबुजला तरी शेजारचा वर्ग उत्तर देतो. तो स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणार, माइकशिवाय, आणि पुढच्या स्टेशनवरचे लोकही ऐकून सामान उचलणार. वर्गशिक्षकांनाही आम्ही सोडलं नव्हतं. 'इतका वाया गेलेला वर्ग मी आयुष्यात पाहिला नाही' असं सर दरवर्षी म्हणतात. त्यांचं भविष्य एका ओळीत झालं: पुढच्या वर्षी याहून वाया गेलेला वर्ग भेटेल.

मी एकटीच खी खी करत टाइप करत होते. आणि मग माझी चिठ्ठी आली.

'शाई : दहा वर्षांनीही तिथंच, त्याच खुर्चीत. नाकावर तोच काळा डाग. आपल्या सगळ्यांच्या लग्नाच्या पत्रिका छापेल आणि प्रत्येकीत नवरदेवाचं नाव चुकवेल. शाळेचा रस्ता विसरलात तर हिला विचारा, ही कुठं जाणार नाही.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही कुठं जाणार नाही म्हणे! माझ्या दप्तरात अकरा दिवस एक फॉर्म पडून होता. जमीन मोजायचं आणि नकाशे काढायचं शिक्षण, तीन वर्षांचं, गाडीने दहा तासांवर. प्रवेश मिळाला होता. फक्त पालकांची सही राहिली होती, आणि फॉर्म शनिवारपर्यंत पोचला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

नकाशांचं खूळ माझ्या डोक्यात आठवीत शिरलं. नगरपालिकेने गावाचा नकाशा आमच्याकडे छापायला दिला होता. बाबांनी नेहमीसारखं प्रूफ वाचलं. बाबा प्रूफ उलटं वाचतात. शेवटच्या शब्दापासून सुरुवात करून पहिल्या शब्दाकडे जातात. सुलटं वाचलं की मन अर्थाच्या मागं धावतं आणि चूक निसटते, असं त्यांचं म्हणणं. वीस वर्षांत त्यांच्या हातून एक काना सुटलेला नाही. पण आज काय छापलं असं विचारलंत तर ते मशीनकडे बघतील. तर त्या नकाशातलं एकही नाव चुकलेलं नव्हतं. फक्त आमची गल्लीच नव्हती. जे नाहीच, ते उलटं वाचून कसं सापडणार? मी त्या दिवशी शाळेतून येऊन गल्ली पावलांनी मोजली. मग टेपने मोजली. तेव्हापासून मला दुसरं काही व्हायचंच नाहीये.

आईला हे माहीत होतं. ती नर्स आहे, रोज लोकांना वाईट बातम्या तोंडावर सांगते. ती म्हणाली, "सही मीही करू शकते. करणार नाही. त्यांना तू सांग, आणि तोंडाने सांग."

तेच तर होत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी कंपोझिंग करायला लागले, तेव्हापासून आमच्याकडून निघणाऱ्या प्रत्येक कामाच्या शेवटी, अगदी खाली, बाबा दोन बारीक ओळी टाकतात: 'अक्षरजुळणी : मुलगी' आणि तिच्याखाली 'छपाई : वडील'. पहिल्यांदा टाकल्या तो कागद त्यांनी आठवडाभर शर्टाच्या खिशात ठेवला होता. जो येईल त्याला काढून दाखवायचे. आता त्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुसऱ्या दिवशी मी भोंग्याला जिन्यात गाठलं.

"हे काय लिहिलंयस?"

"तू वाचायचं नव्हतंस," तो ओरडला. म्हणजे त्याच्या मते हळू बोलला.

"टाइप कोण करणार, तुझा काका? मी कुठं जाणार नाही हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? सगळ्यांना तसंच वाटतं. तुला विचारलं की तू म्हणतेस, बघू. मी ते 'बघू' लिहिलं." मग माझा चेहरा बघून तो जरा वरमला. "नाही आवडलं तर तू लिही. माझ्या नावावर टाक. पण हसू आलं पाहिजे, नाहीतर माझी इज्जत जाईल."

त्याचा राग आला तो आलाच, पण जास्त राग आला माझा. पठ्ठ्याने खोटं काय लिहिलं होतं? मी खरंच अकरा दिवस 'बघू' म्हणत बसले होते.

संध्याकाळी मी ते खोडून नवं लिहिलं. समारंभात ज्याने लिहिलं त्यानेच वाचायचं असतं, म्हणजे शुक्रवारी भोंगा हे मोठ्याने वाचणार, पालकांच्या खुर्च्यांत बाबा बसलेले असणार, आणि मग मागं फिरायची सोयच राहणार नाही. आणि तोपर्यंत बाबा उलटंच वाचणार, त्यांना पत्ताही लागणार नाही. मला माझी अक्कल भारी वाटली.

आत्याला नाही वाटली. ती येईल ते सगळं वाचते आणि वाचून हसते. या वेळी हसली नाही.

"हे त्याला माहितेय?"

"शुक्रवारी कळेल."

"शंभर माणसांत?" तिने पिनांचं मशीन खाली ठेवलं. "वा गं वा! आणि स्वतःला खमकी म्हणवतेस. तुझ्या बापाला त्या खुर्चीत बसवून टाळ्या वाजवायला लावणार होय?"

मी कॉम्प्युटरकडे वळले आणि सहाही ओळी तशाच ठेवल्या.

बुधवारी दुपारी बाबा लाल पेन आणि प्रूफ घेऊन बसले. शेवटच्या पानापासून अर्थातच. पेन टकटक करत वर सरकत होतं. पहिल्याच पानावर, म्हणजे शेवटच्या पानावर, ते थांबले.

"दोन ओळी जास्त होतात," ते म्हणाले.

मी चारच्या जागी सहा ओळी लिहिल्या होत्या, आणि पुस्तिका काठोकाठ सोळा पानांची होती. पानं चारच्या पटीत वाढतात, दोन ओळींसाठी चार पानं वाढवायची तर कागद नव्हता, तो मोजून आणलेला. अक्षर लहान करा म्हणायची सोय नाही. कुणाच्या तरी आजीने वाचायचं असतं, असं म्हणून बाबा गिऱ्हाइकालाही परत पाठवतात.

"तुमच्या वर्गाचं काम आहे, तूच सांग," बाबा म्हणाले. "कुणाच्या दोन ओळी काढू? ही बघ, ही शेवटची लांबलीय. हिच्या काढू?"

पेन माझ्या भविष्यावर होतं. 'काढा' एवढंच म्हणायचं होतं. दोन ओळी गेल्या असत्या, शुक्रवार आला असता, आणि शनिवारही. मी आत्याकडे पाहिलं. ती मान खाली घालून पानं दुमडत होती, मुद्दाम.

"नाही," मी म्हटलं. "त्या काढायच्या नाहीत."

"का?"

"वाचा ना."

"वाचलं की."

"उलटं वाचलंत बाबा. सुलटं वाचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा वर सरकवला आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांना अर्थ लावत वाचताना मी कधी पाहिलंच नव्हतं. ओठ हलत होते.

'शाई : नकाशे काढायला शिकायला दहा तास लांब गेली. सर म्हणाले, चला, गावात शांतता. आता हातात टेप घेऊन फिरते आणि घर मोजायला आली समजून लोक तिला चहा पाजतात. ज्या नकाशातून आमची गल्ली सुटली होती, तो तिने नव्याने काढलाय. गल्ली एकशे चौऱ्याऐंशी पावलं आहे. गल्लीत एक छापखाना आहे, आणि त्यात एक माणूस अजूनही सगळं उलटं वाचतो.'

बोट शेवटच्या शब्दावर पोचलं.

"हे खरंय?"

"फॉर्म दप्तरात आहे. प्रवेश मिळालाय. शनिवारी शेवटची तारीख."

"किती वर्षं?"

"तीन."

"आणि हे मला शुक्रवारी, तुझ्या वर्गाबरोबर कळणार होतं."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मला चढलेल्या आवाजाशी भांडता येतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी येऊ दिलं.

"हो. घाबरले होते. चुकलं माझं, बाबा, साफ चुकलं. पण मी जाणार आहे. तुम्ही रागावलात तरी जाणार आहे. रागावू नका, एवढंच."

ते उठले. हात धुतले, जरा जास्तच वेळ धुतले, आणि 'कागदवाल्याकडे जाऊन येतो' म्हणून निघून गेले. कागदवाल्याकडे काही काम नव्हतं. मी दप्तरातून फॉर्म काढला, त्यांच्या टेबलावर प्रुफाशेजारी ठेवला आणि वर पिनांचा डबा ठेवला, म्हणजे उडणार नाही. प्रुफातली एकही ओळ मी काढली नाही. रात्री जेवताना आईने मला एक पोळी जास्त वाढली.

गुरुवारी सकाळी मी छापखान्यात पोचले तेव्हा मशीन चालू होतं. आठ वाजायचे होते आणि निम्मे कागद छापून झाले होते. मी ओला कागद उचलला आणि शेवटचं पान शोधलं. पुरवणी होती, डुलकी होता, कुणाचं काही कमी झालं नव्हतं. माझ्या सहाच्या सहा ओळी होत्या. मी पान खालपर्यंत पाहिलं. मग परत पाहिलं.

टेबलावर फॉर्म होता. सही केलेली होती, ठसठशीत, लाल पेनाने.

"बाबा," मी मशीनच्या आवाजावर ओरडले, "सही काळ्या किंवा निळ्या पेनाने हवी! वरच लिहिलंय!"

"मग दुसरा फॉर्म काढून आण! मी नीट वाचून करतो," ते म्हणाले.

"आणि आपल्या ओळी? खालच्या?"

त्यांनी मशीन थांबवलं. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, उजेडात धरला, आणि शेवटच्या शब्दाखाली, जिथं दोन वर्षं 'अक्षरजुळणी : मुलगी' छापलेलं असायचं, त्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला.

"दुसऱ्याच्या ओळी मी कापत नाही," बाबा म्हणाले. "माझ्या दोन होत्या, त्या काढल्या."

मग त्यांनी मला मशीनजवळ बोलावलं आणि कळ दाखवली. मी ती दाबली, आणि उरलेले कागद आम्ही दोघांनी मिळून छापले.