चौथी खिडकी

पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं नकाशे काढून बाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांनी भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर मागून घेतला. "याचं काय लोणचं घालणार?" साहेबांनी हसून विचारलं. बाईंनी तो घरी आणला, आतली धूळ ब्रशनं काढली आणि पुस्तकात बघून बघून त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं. तीनदा फसलं, चौथ्यांदा जमलं. मग तो चपलांच्या कपाटात वरच्या फळीवर जाऊन बसला तो बसलाच. ना पडदा, ना कीबोर्ड. एक हिरवा दिवा आणि गाढ झोपलेल्या माणसासारखी संथ घरघर. घरच्या सर्व्हरला, म्हणजे सगळ्यांच्या फायली सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, काहीतरी नाव द्यावं लागतं. बाईंनी 'माळा' दिलं.

माळ्यावर जुने फोटो होते, कागदपत्रं होती. पण बाईंचा जीव होता तो एका फाइलीत. लहानपणच्या घराचा नकाशा. छापखान्याच्या वर दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. घर केव्हाच पाडलं गेलं होतं. बाईंचा दादा त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा, जन्मभर सुतारकाम केलेला. तो दुसऱ्या गावी राहायचा आणि हल्ली एकेक गोष्ट विसरत चालला होता. हाताला नि डोक्याला काम द्या, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून बाईंनी त्याच्या लॅपटॉपवरही लिनक्स घातलं आणि पडद्यावर एकच मोठं चित्र ठेवलं. त्यावर टिचकी मारली की घर उघडायचं. दुपारी दादा जे काही आखायचा, ते माळ्यावर येऊन पडायचं. सकाळी चहाचा कप हातात धरून बाई ते बघायच्या. रोज घर जरासं हललेलं असायचं, झोपेत कूस बदलल्यासारखं.

एका सकाळी त्यात एक खोली जास्त निघाली.

स्वयंपाकघराला लागून, पाच फूट बाय सात. तिला दार नव्हतं. बाईंनी ती पुसून टाकली. दुसऱ्या सकाळी खोली पुन्हा जागेवर. पुन्हा पुसली, पुन्हा आली. असं आठवडाभर चाललं, तेव्हा वहिनीचा फोन आला.

"वन्सं, नका ना पुसू ती खोली. हे दुपारी उघडतात, खोली दिसली नाही की कावरेबावरे होतात. जेवणाकडेसुद्धा लक्ष नसतं."

"अहो वहिनी, पण तिथे खोली नव्हतीच! मी अठरा वर्षं राहिलेय त्या घरात."

"असेल बाई. मला काय ठाऊक?"

बाईंना राहवेना. माळा रोजची एक प्रत जपून ठेवत असे. त्यांनी सातही प्रती काढून एकावर एक ठेवल्या. दादाच्या बाकीच्या रेषा पाण्यावर तरंगत होत्या. जिना कधी डावीकडे, कधी उजवीकडे, मोरी तर एकदा चक्क माजघरात. ती खोली मात्र सातही दिवस तसूभर ढळली नव्हती.

मग त्यांनी फोटो उघडले. मागच्या अंगणात आई कपडे वाळत घालतेय, हा फोटो त्यांनी शंभरदा पाहिला होता, पण आईच्या डोक्यावरून नजर कधी वर गेली नव्हती. वरच्या मजल्याच्या खिडक्या त्यांनी बोट ठेवून मोजल्या. नकाशात मागे तीन होत्या. फोटोत चार. चौथीला आतून फळ्या ठोकलेल्या.

मग त्यांनी दादाला फोन लावला आणि आपल्या पडद्यावर त्याचा पडदा उघडला. तो नकाशातच होता. बाण त्या खोलीत हळूहळू फिरत होता.

"दादा, ही खोली कोणाची रे?"

"तुझी," तो म्हणाला. "तू इथेच झालीस, चिमे. खाली मशीन धडधडत होतं, सगळी जमीन थरथरायची. आई म्हणाली, पाळणा कशाला हवा?"

"मग मला कशी आठवत नाही?"

"तू रांगायच्या आत मालकांनी परत घेतली ना, कागदाचे गठ्ठे ठेवायला. भिंत घातली मधे. मीच विटा देत होतो गवंड्याच्या हातात."

एवढं सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. बाईंनी आपला माउस हलवला. पडद्यावरच्या एकाच बाणावर आता दोघांचे हात होते. त्या थोडं डावीकडे ओढायच्या, तो उजवीकडे. बाण मधेच थबकून थरथरायचा. त्यांनी माउस सोडून दिला. दादानं सावकाश एक लांबट चौकोन काढला. "ही बाज." मग खिडकी काढली, अंगणाकडची. आणि थांबला.

"दार कुठे होतं, ते काही आठवत नाही बघ," तो म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता.

"मी काढू?"

"काढ ना. तुझा हात चांगला आहे."

बाईंनी माउस हाती घेतला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत अडीच फुटांची फट पाडली.

"अगं, आत उघडणारं नको," सुतार लगेच म्हणाला. "बाजेला अडेल की."

बाईंनी दार बाहेर उघडणारं केलं.