लहानी गोळी

सौंसरच्या बसस्टँडवर, देवीदासच्या चहाटपरीत मी तीस वर्षं थापा मारल्या. आमच्या बागेतलं एक संत्रं छिंदवाड्याच्या बसच्या दारातून जाईना, म्हणून त्याला टपावर बसवलं, ही त्यातली साधी.

दोन वर्षांपूर्वी भिंतीतून मला आवाज यायला लागले. डॉक्टरनं दोन गोळ्या दिल्या. मोठी आवाजांसाठी, लहानी, मोठीमुळे हात थरथरू नयेत म्हणून. आवाज गेले. थापाही गेल्या. लोक जमायचे, मी कपाकडे पाहायचो. वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

एकदा चुकून लहानी दोनदा घेतली. त्या दुपारी पांढुर्ण्याहून पायी निघालेली कापसाची गाठ मला सुचली. टपरी हसली. मग सोमवारी तीन घेतल्या, मंगळवारी तीन, बुधवारी चार. मोठी गोळी सून दामिनी समोर उभी राहून गिळायला लावायची. लहानी माझ्याच खिशात असायची.

गुरुवारी तोंड कोरडं पडलं, समोरचं धूसर झालं. पोट टम्म.

"देवीदास, सकाळपासून लघवी होऊन नाही राहिली."

"हाव का काका? मंग धरणाचे दरवाजे उघडाच्या आधी सांगजा, खालची गावं खाली करू!"

वर्षातला सगळ्यात मोठा हशा तोच. मी घरी आलो.

"दामिनी, खरं सांगून राहिलो."

"मामाजी, संत्र्याच्या टायमाले बी तुम्ही असंच म्हणे."

मी खिशातली स्ट्रिप तिच्यापुढे ठेवली. दहाची, रिकामी. तिनं ती उलटसुलट पाहिली.

"बाप्पा! काऊन घेतल्या इतक्या?"

"गोष्टी येत होत्या."

तिनं ऑटो बोलावला.

दवाखान्यात नळी घातली. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "या वयात ही गोळी जपून. हात थरथरले, सुन्न वाटलं, तर मला सांगायचं. मोठीचं प्रमाण मी बघतो. स्वतः वाढवायची नाही, बंदही करायची नाही. सुन्न वाटतं हे आधी का नाही सांगितलं?"

"मी सांगतलेलं कोण खरं मानते?"

त्यांनी ते लिहून घेतलं.

आता मोठी गोळी थोडी कमी केली आहे. लहानी दामिनीच्या डब्यात असते. काल टपरीवर गेलो.

"काका, धरणाचं काय झालं?"

"नळी घातली. दीड लिटर निघालं."

"दीड लिटर! काका परतले, बे!"

सगळे हसले. मी चहा प्यालो. दीड लिटरच होतं. नर्सनं लिहिलेला कागद घरी आहे.