बयाबाईचं वर्ष

नर्सबाईंनी कागद पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"रक्त आठ. मागच्या महिन्यात साडेआठ होतं. तुझं उलटं कसं चाललंय गं?"

आरोहीला सहावा महिना लागला होता. सोबत आलेला सासरा, सावळीराम, दारापाशी टोपी हातात धरून उभा होता. नवरा शेखर ओझरला कारखान्यात, तो शनिवारीच घरी यायचा. सासू बयाबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. उपकेंद्रात घेऊन यायला घरात दुसरं होतं कोण?

"गोळ्या घेतेस?"

"घेते."

"मग खात नाहीस. सरकार तुझ्या खात्यात पैसे टाकतंय, अंगणवाडीत ताट देतंय, अंडं देतंय. जातं कुठं सगळं? आजोबा, तुम्ही तर फस्त करत नाही ना?"

"नाय हो बाई," सावळीराम ओशाळला.

"हसण्यावारी नेऊ नका. बाळंतपणात थोडं जरी जास्त रक्त गेलं, तर हिच्या अंगात जायला शिल्लक नाही. दोन्ही जीव जातील."

परतताना हरसूलच्या रस्त्यावर जीपमध्ये सावळीरामनं हळूच विचारलं, "पोरी, ते हप्त्याचे पैसे आलेत ना?"

"आलेत की, आबा. तीन हजार. तसेच हायेत."

"तसेच ठेवायला दिलेत का?"

"घेईन की पुढं कायतरी," ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली.

सुनेकडून काही कळणार नाही, हे त्याला कळलं. तो घरी न थांबता अंगणवाडीत गेला. सेविका स्नेहलताई भांडी पालथी घालत होत्या. बयाबाई एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली मदतनीस होती. अंगणवाडीची चूल तिचीच.

"ताई, खरं सांगा. आरोही जेवते का इथं?"

"चपाती खाते, उसळ खाते, केळं खाते. अंडं मात्र शेजारच्या झिपरूच्या नातीच्या ताटात सरकवते."

"का?"

स्नेहलताईंनी हात पुसले. "बाबा, तुम्हीच तर सांगितलंत. घरात वर्ष पाळलंय म्हणाली."

सावळीराम ओट्यावर बसला. दहाव्याला चार लोकांसमोर तो बोलला होता, "वर्षभर या घरात अंडं, मच्छी, मटण शिजायचं नाय. बयासाठी." तेव्हा त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. बायकोला शेवटी पाणीसुद्धा पाजता आलं नव्हतं. निदान काहीतरी सोडावं, एवढंच मनात होतं. पुढं सुनेला दिवस राहिले, डोहाळे लागले, पण आपण बोललेला शब्द तिच्याही ताटावर बसलाय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आणि ती पोर एका शब्दानं बोलली नाही.

"मी लय समजावलं," स्नेहलताई म्हणाल्या. "म्हणाली, आबा रोज सांजेला आत्याबाईंच्या फोटोसमोर बसतात, त्यांचं मन मोडायचं नाय मला. कुठून आणतात हो या पोरी एवढं सोसणं?"

सावळीरामला बयाबाई आठवली. पळी हातात घेऊन ती गरोदर बायांच्या पुढ्यात उभी राहायची. कुणी डबा पुढं केला की म्हणायची, "डबा नाय मिळायचा. घरी नेला की अर्धं सासू खाती, अर्धं नवरा, आन् तू डबा घासती. हितंच बस आन् माझ्यासमोर गीळ." तिचं स्वतःचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा तिला कुणी असं बसवलं नव्हतं. ते दुःख तिनं कधी बोलून दाखवलं नाही, दुसऱ्यांची ताटं भरत राहिली.

आणि तिच्याच नावानं तिची सून उपाशी होती.

त्यानं दुकानातून सहा अंडी घेतली. घरी ओसरीवर त्याची थोरली बहीण सरुबाई येऊन बसली होती. तिनं पिशवीत डोकावून पाहिलं.

"सावळ्या, हे काय? तीन आठवडे राहिलेत वर्षाला! लोक शेण घालतील तोंडात."

"घालू दे."

"तेवढं पाळ की. तीन आठवड्यांत काय होतंय?"

"अक्का, पोटातलं पोर थांबतंय का तीन आठवडे?"

"देवाधर्माचं असतं रे."

"ज्या बाईनं सगळ्या गावाच्या लेकी खाऊ घातल्या, तिला हे आवडंल? तूच सांग."

सरुबाई पिशवीपासून लांब सरकली. मग म्हणाली, "मला नको देऊ म्हंजे झालं."

सावळीरामनं बयाबाईचं पातेलं फळीवरून काढलं. त्याला चहापलीकडं काही येत नव्हतं. पाणी खळाखळा उकळल्यावर त्यानं अंडी सोडली, तशी दोन फुटून पांढरा फेस वर आला. आरोही धावत आली.

"आबा, अहो काय करताय!"

"खाली बस."

"पण वर्ष..."

"बस म्हणलं ना."

ती बसली. त्यानं दोन ताटं मांडली. एक अंडं तिच्या ताटात, एक आपल्या. तिचा हात काही पुढं होईना. सासऱ्याआधी ती एरवीही कधी जेवली नव्हती, आणि आज तर त्याचा नेम होता. सावळीरामनं फोटोकडं एकदा पाहिलं, अंडं सोललं आणि अर्धं तोंडात टाकलं. पाण्याच्या घोटाबरोबर उतरवलं.

"वर्ष संपलं," तो म्हणाला. "मीठ दे."

आरोहीनं मीठ दिलं. डोळे पुसता पुसता तिला हसू आलं, "आबा, टरफल राहिलंय तुमच्या अंड्याला."

"आसूं दे. तू खा."

ती खाईस्तोवर तो समोरून उठला नाही.

बाजाराच्या दिवशी हरसूलला जाऊन आरोहीनं आपल्या हातानं हप्त्याचे पैसे काढले. सुकट घेतलं, खजूर घेतला, शेंगदाणे घेतले. सरुबाईला लाडू लागतात म्हणून गूळ जास्त घेतला. वर्षश्राद्धाला पिठलं, भात, वडे एवढंच केलं. गावानं तोंडात शेण घातलं नाही. झिपरूची नात मात्र आपलं अंडं कुठं गेलं म्हणून चार दिवस रुसली होती.

पुढच्या महिन्यात नर्सबाईंनी कागद पाहिला. "साडेनऊ! आजोबा, काय केलंत?"

"मी काय करणार? हिच्या सासूची रीत हाय ती," सावळीराम म्हणाला. "समोर बसून खाऊ घालायची."