टाचा

"त्या पोराची आई कुठाय?" आईने विचारलं. तिचे हात डाळीतले खडे वेचत होते, डोळे टीव्हीवर होते.

मी म्हटलं, ती दाखवतच नाहीत. सिनेमा अंतराळातला, आमचा पाठ झालेला. पांढऱ्या झग्यातले योद्धे प्रकाशाच्या तलवारी घेऊन ताऱ्याताऱ्यांवर न्यायासाठी लढतात. गुणी पोर दिसलं की लहानपणीच घेऊन जातात. मग त्याने कुणावर माया करायची नाही, हा नियम. मी आणि दादा पलंगावर उभे राहून हातातल्या बॅटऱ्यांनी तसेच लढायचो. आईचा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता.

"जिंकल्यावर तरी घरी जातेत का?"

"न्हाई गं."

आई पुन्हा डाळीकडे वळली.

दादाला मठाला दिलं तेव्हा तो दुसरीत होता. घराणं लिंगायत जंगमांचं, मठाला वारस हवा होता आणि आमचा सिद्धाराम चुणचुणीत. घाटनांदुरात त्याची मिरवणूक निघाली, बाबांना आभाळ ठेंगणं झालं. आता तो तुमचा नाही, सगळ्यांचा झाला, असं मठाच्या लोकांनी सांगितलं. सगळ्यांचा म्हणजे नेमका कुणाचा, हे विचारायची सोय नव्हती. आता तो गादीवर बसला होता आणि उद्या पहिल्यांदाच गावात येणार होता. त्याने एकदा 'आई' म्हणावं, एवढीच आईची आस होती. तिने ती मला बोलूनही दाखवली. मला काहीच वाटलं नाही. दादाबद्दल काही वाटायचं माझं केव्हाच थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंदिरात पाद्यपूजा होती. दादा चौरंगावर बसलेला, पाय परातीत. रांगेतलं एकेक माणूस पायांवर तांब्याने पाणी घालायचं, फूल वाहायचं आणि पुढे सरकायचं. आईने पाणी घातलं, पण ती सरकली नाही. अंगठ्याने त्याची टाच घासायला लागली. मग घोटा, मग बोटांच्या बेचक्या. शाळेत पाठवायच्या आधी घासायची तशीच.

संगमेश नावाचा मठाचा नवा सेवेकरी शेजारी उभा होता. त्याला ती कोण हे ठाऊक नसावं. तो हळूच म्हणाला, "मावशी, पुरं आता. मागं रांग हाय."

दादाची नजर आमच्या डोक्यांवरून दाराबाहेर लागलेली होती. चेहरा जराही हलला नाही. पण आईचा हात तळव्याला लागला आणि परातीतली बोटं आखडली. लहानपणी त्याला तिथेच गुदगुल्या व्हायच्या. आईने ते पाहिलं, मीही पाहिलं. मग त्याने हात वर केला आणि सगळ्यांना म्हणत होता तेच म्हणाला, "कल्याण होवो."

आई पाया पडली, 'महाराज' म्हणाली आणि बाजूला झाली.

आम्ही घरी आलो. दारात चप्पल काढताना आई म्हणाली, "टाचा लई फुटल्यात त्याच्या. तेल लाव म्हणून सांगावं कुणाला?"