रचलेल्या भट्टीतली बीजगोळी

मी एक बीजगोळी बोलतेय. लिंबाएवढीसुद्धा नाही मी. पोटात सुल्ला नावाचा रानघास, लव्हेंडर आणि लाल पॉपीचं बी, वरून माती आणि शेळीचं जुनं खत. एरवी कुणी माझ्याकडे बघणारही नाही. पण त्या दुपारी मी जी घाबरले, बाई गं, तशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

माझी मालकीण तसादित. काबिलियाच्या डोंगरातली. उन्हाळ्यात वणवा आला आणि गावावरचा अख्खा उतार काळा करून गेला. तिच्या मधमाश्यांच्या दोनच पेट्या वाचल्या. नवऱ्यामागे तिला तेवढाच आधार. पण फुलंच नाहीत, तर माश्यांनी खायचं काय? साखरपाणी पाजून ती त्यांना कशीबशी जगवत होती. वसंतात उतार फुलला नाही तर त्याही जाणार, हे तिला ठाऊक होतं.

कुसकुसाचा रवा वळायच्या लाकडी परातीतच तिने आम्हाला वळलं, पाण्याचा हबका मारत. माती दिली तिच्या नणंदेने, वर्दियाने. मडकी घडवण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नाही.

"माझी सोन्यासारखी माती डोंगरावर फेकणार म्हणे! अक्कलही वणव्यात जळली का गं?" असं म्हणत तिने टोपलीभर माती दिली, वर वाळवायला आपलं अंगणही दिलं. तोंडाची फटकळ, मनाची नाही.

आम्ही वाळत होतो, तोच डोंगरामागून ढग चढले. तसादित पेट्या झाकायला पळाली. परत आली की लगेच आम्हाला उतारावर पेरणार होती. इकडे वर्दियालाही घाई. कच्ची मडकी भिजली तर वर्षाची मेहनत पाण्यात! ती भराभर भट्टी रचू लागली.

मडकी एकमेकांना घासू नयेत म्हणून ती मधल्या फटींत वाळल्या मातीच्या गोळ्या बसवते. तिच्या गोळ्या कोपऱ्यात होत्या. घाईत हात पडला तो आमच्या परातीवर!

'अगं, मी ती नव्हे!' मी जिवाच्या आकांताने ओरडले. मातीचं कोण ऐकतंय? मोठ्या रांजणाच्या पोटाशी तिने मला खुपसलं. वर काटक्या, वर शेण्या. आणि पेटवलं की हो तिने!

तसादित धापा टाकत आली. "वन्सं, माझ्या गोळ्या?"

वर्दियाने ओठांवर बोट ठेवलं. पेटत्या भट्टीपाशी बोललं की नजर लागते, मडकं तडकतं, असं इथल्या बाया मानतात. तसादितने मुकाट्याने रिकाम्या परातीकडे बोट केलं. वर्दियाने कोपऱ्यात पाहिलं. तिच्या गोळ्या जागच्या जागी होत्या. तिची नजर गर्रकन भट्टीकडे वळली.

धूर माझ्या अंगाशी आला. मी तापू लागले.

"राहू द्या, वन्सं," तसादित पुटपुटली. "तुमचं अख्खं वर्ष आहे त्यात. लेकीच्या सासरी द्यायचा रांजण आहे."

"गप्प बस! रांजण पुन्हा घडवीन. माश्या कुठून घडवू?"

आणि तिने लांब दांडा उचलून सगळी भट्टी उलथवली. रांजणाचे तुकडे झाले. पदरात धरून, हात पोळून घेत दोघींनी आम्हाला वेचलं. ज्या लाल झाल्या होत्या, त्या भाजल्या गेल्या. त्या तिथेच राहिल्या. मी धुराने काळीठिक्कर. माझं काय झालंय ते कुणालाच कळेना.

"टाक तीही," वर्दिया म्हणाली. उतारावर मला टाकलं आणि पाऊस कोसळला.

पाऊस थांबेना. शेजारणी एकेक करून विरघळल्या. मी तशीच. भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही. पोटातलं बी मुकं. मी भाजली गेले असेन का? त्या विचारानेच जीव अर्धा झाला.

काही दिवसांनी दोघी चिखल तुडवत वर आल्या. तसादितने मला उचललं. "तुम्हीच दाबून बघा, वन्सं. मला धीर होत नाही."

वर्दियाने डोळे मिटून अंगठा टेकवला. अंगठा आत रुतला! माझं काळं कवच सुटलं, आत पांढरं इवलं मूळ दिसलं.

"तसादित... अगं, जिवंत आहे गं!" एवढंच ती फटकळ बाई बोलली आणि मटकन चिखलात बसून रडली.

मला तिने हळूच परत मातीत बसवलंय. पुन्हा सर येतेय. फूल मी बघणार नाही, माश्या बघतील. बरंच बोलले. आता मला विरघळू द्या.